दोन ते तीनचा तास

हरभऱ्याची आवक सुरू झाली की आमच्या लातूरच्या हवेला एक कोरडा वास येतो. डाळ मिलच्या बाजूने वारा सुटला तर ओट्यावर, पुस्तकांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर पिवळसर भुकटी बसते. दुपारी रस्ते तापतात, क्लासच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून सावलीसावलीने चालतात आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात. गावाला हे दिवस परीक्षांचे वाटतात. आम्हा ख्रिस्ती घरांत हे लेंटचे दिवस असतात. भस्माच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची आणि तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपास, प्रार्थना, घरोघरच्या सभा. कुणी चहा सोडतं, कुणी मटण सोडतं, हल्ली कुणी मोबाईलवरचे व्हिडिओ सोडतं. मी अलीकडे काहीच सोडत नाही. जे सोडायचं आहे ते सुटत नाही आणि ते धरून ठेवून बाकीचं सोडण्यात काही राम नाही, असं माझं मत झालं आहे.

मला एका बाईचा मत्सर वाटतो. हेवा, असूया असले नाजूक शब्द मी वापरणार नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, कोणता शब्द कुठे बसतो ते मला कळतं. आणि मत्सर तरी कशाचा, तर तिच्या प्रार्थनेचा. तिच्या पाटल्यांचा किंवा तिच्या बंगल्याचा वाटला असता तर चार बायकांत बसून बोलता तरी आलं असतं. पण देवाशी हिचं माझ्यापेक्षा जास्त जमतं म्हणून माझ्या पोटात दुखतं, हे सांगायचं कुणाला?

तिचं नाव साखरबाई. नांदेड जिल्ह्याच्या टोकाची, इस्लापूरकडची. करोनाची भीती ओसरून चर्चचे बाक पुन्हा भरू लागले होते, त्या वर्षी ती आमच्या मंडळीत आली. मुलगी लातूरला नर्सिंग शिकत होती, म्हणून आईही तिच्यामागे आली आणि आमच्या मागच्याच गल्लीत, क्लासच्या पोरांसाठी चालणाऱ्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या कामाला लागली. ठेंगणी, काळीसावळी, पदर कायम कमरेला खोचलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिल्या रविवारी ती मागच्या बाकावर, अगदी दाराजवळ बसली. मी तिला हात धरून पुढे आणलं आणि माझ्याशेजारी बसवलं. गीताचं पुस्तक तिच्यापुढे धरून ओळीवर बोट फिरवत राहिले. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

मी नांदेडची. माझे वडील मंडळीचे उपदेशक होते. सायकलवर कापडी पिशवी लटकवून ते खेडोपाडी जायचे, कधी एसटीच्या टपावर सायकल टाकून पार हिमायतनगरपर्यंत. लेंटमध्ये ते संध्याकाळपर्यंत पाण्यावर असायचे. आई ज्वारीची आंबील करून झाकून ठेवायची. नांदेडच्या उन्हात दिवसभर फिरून आलेले वडील आधी हात-पाय धुवायचे, मग भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसायचे आणि आम्ही आंबिलीच्या पातेल्याकडे बघत त्यांचं कधी संपतं याची वाट बघायचो. ते काय बोलायचे ते ऐकू यायचं नाही, नुसते ओठ हलायचे. मी कधी विचारलंही नाही.

मी प्रार्थना शिकले ती संडे स्कूलमध्ये. तिथे प्रार्थनेची स्पर्धा असायची, आणि दरवर्षी पहिलं बक्षीस माझं. आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग आभार, मग मागणं. आवाज कुठे चढवायचा, कुठे आवंढा गिळायचा, सगळं मला येत होतं. स्टीलचे डबे, कंपासपेट्या, एकदा तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा मिळालं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा ही विद्या माझ्याबरोबर आली. कुणाच्या घरी बारसं असो की मयत, शेवटची प्रार्थना टीचरनी करायची हे ठरलेलं. सगळी मंडळी मला टीचर म्हणते. बायका डोळे पुसत म्हणायच्या, किती छान केली हो प्रार्थना. आणि मी म्हणायची, छे, मी कुठली, देवानेच बोलवून घेतलं. खोटं बोलताना माझा चेहरा फार नम्र होतो.

त्या वर्षीच्या लेंटमध्ये पहिलीच घरसभा आमच्याकडे होती. मी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, वडिलांची जुनी पितळी घंटी काढून पुसली. शेवटी पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकांच्या बायकोने, नव्या बाईला संधी द्यावी म्हणून साखरबाईला प्रार्थना करायला सांगितलं. ती पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, “बापा, आमी आलो बघ सगळ्या.” आणि मग थांबली. बराच वेळ थांबली. मला वाटलं, विसरली. मी मदत करायला तोंड उघडणार तोच ती पुन्हा बोलायला लागली. पलीकडच्या खोलीत कुणी बसलं आहे आणि हिला त्याला चार गोष्टी सांगायच्या आहेत, असं. शेजारच्या विमलताईंच्या गुडघ्याचं सांगितलं, मेसमधल्या एका मुलीला घरची आठवण येते म्हणून ती जेवत नाही याचं सांगितलं, तव्याच्या धगीने डोळे चुरचुरतात त्याचं सांगितलं. स्तुती नाही, कबुली नाही, कशाचा कशाला मेळ नाही. आमेन म्हणून मी डोळे उघडले तर विमलताई रडत होत्या. आपल्या गुडघ्यासाठी नव्हे, नुसत्याच रडत होत्या. चहा देताना त्या दिवशी कुणीही मला काही छान म्हटलं नाही.

तिथून ते सुरू झालं. मंडळीत कुणी आजारी पडलं की आधी फोन माझ्याकडे यायचा. आता लोक परस्पर मेसवर जायला लागले. मी शास्त्रातला उतारा वाचला की साखरबाई म्हणायची, टीचर, परत वाचा की, आणि दोनदा ऐकून आठ दिवसांनी तो सगळाच्या सगळा म्हणून दाखवायची. मी चहा सोडला होता, त्याने माझं डोकं दुखायचं आणि ते दुखतंय हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. ती मात्र दिवसभर पोळ्यांच्या ढिगापुढे बसून पाण्यावर राहते, हे मला एकदा मेसच्या मालकिणीकडून कळलं. साखरबाई कधी बोलली नव्हती. तिच्या भुकेचासुद्धा मला मत्सर वाटला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तिच्यासारखं करून बघावं, असंही मनात आलं. एका सभेत मी प्रार्थनेची सुरुवात “बापा” अशी केली. माझ्या तोंडात तो शब्द नव्या चपलेसारखा चावला. दोन-तीन बायकांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. घरी येताना आमचे हे स्कूटरवरून मान वळवून म्हणाले, तुझा बाप तर नांदेडला आहे, त्याला इथून हाक मारून कसं चालेल. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आमच्या महिला मंडळाची लेंटमधली एक जुनी रीत आहे. साखळी प्रार्थना. दर शुक्रवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा बायका, बारा तास. प्रत्येकीने आपल्या घरी बसून एक तास प्रार्थना करायची. पूर्वी एकीचा तास संपला की ती चालत दुसरीच्या घरी जाऊन कडी वाजवायची. आता मिस्ड कॉल देतात. तो उचलायचा नाही, एक रिंग झाली की समजायचं, आता आपली पाळी. आणि जोवर तो येत नाही तोवर तास आधीच्या बाईचाच. कुणी तपासायला येत नाही. यादी मी करते, माझं अक्षर चांगलं म्हणून, आणि ती चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर लागते. त्या वर्षी मीच साखरबाईला एक ते दोन दिला, कारण मेसची जेवणं तेव्हा उरकलेली असतात. दोन ते तीन माझा.

मार्चमध्ये सकाळची शाळा. साडेबाराला घरी यायचं, गरम भाताचे चार घास खायचे, टीव्ही लावायचा आणि त्याच्या आवाजात आडवं व्हायचं. शुक्रवारी माझी प्रार्थना कशी चालायची, हे मी आज प्रथमच कबूल करते आहे. फोन उशाशी ठेवून मी झोपायची. दोनला मिस्ड कॉलने जाग यायची, पडल्यापडल्या थोडं पुटपुटायची, पुन्हा डोळा लागायचा, आणि तीनच्या गजराला उठून पुढच्या बाईला मिस्ड कॉल द्यायची. अशी कित्येक वर्षं. साखळी कधी तुटली नाही, कारण मिस्ड कॉल वेळेवर जात होता.

त्या वर्षी पहिल्या शुक्रवारी साखरबाईचा कॉल आला तो दोन पंचवीसला. दुसऱ्या शुक्रवारी दोन चाळीसला. तिसऱ्या शुक्रवारी तर दोन पंचावन्नला. मी पलंगावर उठून बसले. खरं तर मला झोप जास्त मिळाली होती, माझं काही बिघडलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हिला देवाशी बोलायला एक तास पुरत नाही? माझाही खाऊन वर पाच मिनिटं उष्टी ठेवल्यासारखी ठेवते? मिरवायचं असेल तर मिरव, पण माझ्या वेळात कशाला? त्या दिवशी मी त्या पाच मिनिटांत प्रार्थना केली नाहीच, फोनमधल्या त्या तीन वेळा पुन्हा पुन्हा बघत बसले.

रविवारी उपासना सुटल्यावर मी पाळकीणबाईंना बाजूला घेतलं. भांडखोर बाईसारखं बोलायला मी वेडी नाही. मी आवाज हळू केला. म्हटलं, साखरबाईची मला फार काळजी वाटते हो. पहाटेपासून तव्यापुढे असते बिचारी, दुपारी बसल्याबसल्या झोप लागते तिला, साखळी पुढे सरकत नाही. मग फोन काढून त्या वेळा दाखवल्या. पाळकीणबाई मनाने साध्या. त्या म्हणाल्या, अरेरे, आपल्या लक्षातच नाही आलं, तिला विश्रांती देऊ या. संध्याकाळी मी नवी यादी केली. एक ते दोन, विमलताई. साखरबाईच्या नावाशिवाय यादी फार स्वच्छ दिसत होती, ते बघत मी थोडा वेळ उभी राहिले.

चौथ्या शुक्रवारी विमलताईंचा कॉल बरोबर दोनला आला. बरोबर म्हणजे एक मिनिट आधीच. मी ठरवलं होतं की आज झोपायचं नाही. साखरबाईला तास पुरत नाही ना, मग मीही दाखवते. टीव्ही बंद केला, खुर्ची भिंतीकडे वळवली, डोक्यावर पदर घेतला. स्तुती केली. कबुली दिली. आभार मानले. ह्यांच्यासाठी, पुण्यातल्या मुलासाठी, मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी, पाळकांसाठी, देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी मागितलं. कुणालाही सोडलं नाही. आमेन म्हणून घड्याळ पाहिलं, दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

पुन्हा सुरुवात केली, तर तीच वाक्यं त्याच क्रमाने आली. बक्षिसाची वाक्यं. तिसऱ्यांदा तीच आली तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं. मग मी उठून हरभऱ्याची डाळ निवडत बसले. बाहेर रसवंतीची घुंगरं वाजत होती, पंख्याची एक पाती कुरकुरत होती, आणि माझ्या हातून खड्यांबरोबर चांगली डाळही फेकली जात होती. इतकी वर्षं मी देवाच्या घरची माणूस म्हणून वावरले आणि माझ्याजवळ त्याच्याशी बोलण्यासारखं सात मिनिटांचं होतं. ते कधी कळलं नाही, कारण बाकीचा वेळ मी झोपलेली असायची. पण मला तेव्हा पश्चात्ताप वगैरे झाला असं समजू नका. माझा मत्सर दुप्पट झाला. ही बाई उरलेल्या वेळात करते तरी काय, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी शाळेतून परस्पर मेसवर गेले. एक वाजून गेला होता. पुढच्या हॉलमध्ये शेवटची दोन-तीन पोरं ताटं घेऊन पुस्तकात डोकं घालून जेवत होती. मागच्या अंगाला पत्र्याखाली साखरबाई गव्हाच्या पिठाच्या पोत्याला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, हातांना कोरडं पीठ तसंच. तिचं नाव यादीतून जाऊन पंधरा दिवस होत आले होते, तरी ती तिच्या वेळेला बसली होती. मी खाकरले. तिने डोळे उघडले आणि मला बघून इतकी हसली की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तिने उठून पोत्यावरची धूळ झटकली, मला बसवलं, संध्याकाळची कणीक भिजवायला परात ओढली. मग आपणहूनच म्हणाली की पाळकीणबाईंनी सगळं सांगितलं, टीचरनी माझी किती काळजी केली, परक्या गावात एवढं कोण करतं. मी मान हलवली. ती थट्टा करत असेल म्हणून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मी वेळ न घालवता विचारलं, तुमचा मिस्ड कॉल इतका उशिरा का यायचा?

ती जराशी लाजली. मग म्हणाली, “पैल्या शुक्रवारी माह्या फोनचं रिचार्ज सरलं व्हतं. तुमची पाळी चुकू नये म्हनून मी पळतच तुमच्या घरी आले. खिडकीतून पाह्यलं तर तुमी झोपल्या व्हत्या. टीवी चालू व्हता. साळंतून थकून येता, उठवायचं मन झालं न्हाई. मंग तिथंच पायरीवर बसून तुमचाबी तास धरला.”

ती कणकेत पाणी घालत सावकाश सांगत होती. परत येऊन तिने मुलीकडून रिचार्ज करून घेतलं आणि मग कॉल दिला, ते दोन पंचवीस. त्यानंतरच्या शुक्रवारी तिने ठरवूनच आपला तास झाल्यावर माझाही करायला घेतला. साखळी तुटू नये आणि माझी झोपही मोडू नये म्हणून. मी कसंबसं विचारलं की मग शेवटची पाच मिनिटं का ठेवलीत?

“तुमच्यासाठी. तुमाला काई बोलायचं आसल तर. सगळंच कसं घ्यावं मानसाचं?”

कुणालाही वाटेल की आता तरी बाई विरघळली असेल. विरघळले नाही. मला आधी राग आला, की हिने मला झोपलेलं पाहिलं. मग वाटलं, इथेही हीच पुढे. माझ्या वतीने देवापुढे बसायचं तर तेही हिलाच जमतं. आणि तरीसुद्धा मी विचारलं, कारण विचारल्यावाचून राहवेना, की माझ्या तासात तुम्ही देवाला काय सांगायचात?

ती म्हणाली, “तुमचं मला काय मालूम, टीचर? तुमी शिकल्या-सवरल्या. मी म्हनायचे, बापा, टीचर आल्यात. बसल्यात. आता तू बोल. आन् मी गप बसायचे.”

पुढच्या हॉलमध्ये कुणीतरी ताट सरकवलं. माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. मी सांगितलं की ती काळजी नव्हती. तुम्हाला झोप लागते असं मी पाळकीणबाईंना मुद्दाम सांगितलं, तुमचं नाव कमी व्हावं म्हणून सांगितलं, तुमच्या प्रार्थनेला लोक रडतात ते मला बघवत नाही म्हणून सांगितलं. एका दमात बोलले. क्रम नव्हता, कुठे आवाज चढवावा ते सुचत नव्हतं.

साखरबाईचे हात कणकेत थांबले. ती हसेल, जाऊ द्या म्हणेल, असं मला वाटत होतं. तशी माणसं गोष्टींत असतात. तिचा चेहरा उतरला.

“जागी व्हते मी,” ती म्हणाली. “सगळा येळ जागी व्हते.”

तिने पुन्हा कणीक मळायला घेतली, आता जोरात. मग वर न बघता म्हणाली, “दोन वाजून राहिले. जा तुमी. आज माह्याच्यानं तुमचं व्हनार न्हाई.”

घर दोन-तीन मिनिटांवर होतं. मी चालतच आले, उन्हात, छत्री हातात असून न उघडता. वाटेतच विमलताईंची रिंग होऊन गेली. घरी येऊन मी चप्पल न काढता खुर्चीवर बसले. स्तुतीचं पहिलं वाक्य जिभेवर आलं ते मी गिळलं. म्हटलं, मी आले आहे. बसले आहे. आणि थांबले. काही ऐकू आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पंखा कुरकुरत होता. फक्त साखरबाईचं ते वाक्य, जागी व्हते मी, आत कुठेतरी पुन्हा पुन्हा होत होतं. काही वेळाने मी म्हटलं, मी खोटं बोलले. मग म्हटलं, मी इतकी वर्षं झोपले होते. या वाक्यांना बक्षीस मिळालं नसतं. तीनचा गजर झाला तेव्हा मला तो नेहमीपेक्षा लवकर झाल्यासारखा वाटला.

संध्याकाळी पाळकीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं, रागावून नव्हे, पहिल्यांदा ओळख झाल्यासारखं. त्या दुसऱ्या दिवशी मेसवर जाऊन साखरबाईला म्हणाल्या की तुमचं नाव पुन्हा घालतो. साखरबाईने नको म्हटलं. म्हणाली, बापाला काय कागद बघून मालूम होते का कोन आलं ते. राग होता त्यात, मला माहीत आहे. ती माणूस होती आणि तिला दुखलं होतं. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी प्रभुभोजनाला आमच्याकडे रीत आहे, ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी आधी सरळ व्हायचं आणि मगच भाकरीला हात लावायचा. एरवी लोक जागच्या जागी मान हलवून भागवतात. मी पुढचा बाक सोडून दारापाशी गेले, जिथे ती पुन्हा जाऊन बसायला लागली होती. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते बोलता आलं नाही. ती थोडी सरकली. बाकावर माझ्यापुरती जागा झाली. आम्ही दोघी बरोबर पुढे गेलो.

मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. मुलीचं शिक्षण संपलं आणि तिला हिमायतनगरला नोकरी लागली तशी साखरबाई परत इस्लापूरला गेली. तिकडून येणारं माणूस भेटलं की मी विचारते. तिच्या अंगणात दर शुक्रवारी बायका जमतात म्हणे, आसपासच्या वाड्यांवरून येतात, नुसत्या तिच्याशेजारी गप्प बसतात आणि उठून जातात. हे ऐकलं की माझ्या छातीत अजून तीच जुनी कळ उठते. मला वाटतं, त्या अडाणी बायकांचं नशीब एवढं मोठं का? ती वर्षभर माझ्याशेजारच्या गल्लीत होती, आणि मी काय केलं, तर तिच्याशी शर्यत लावली.

वडील गेले त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात नांदेडला त्यांच्या उशाशी बसून मी एकदा विचारलं, बाबा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून काय बोलायचात? त्यांना नीट आठवेना. म्हणाले, बोलायचो थोडं, बाकी मग भूक लागलेली असायची, तिचंच सांगायचो. मी लहानपणी आंबिलीच्या पातेल्याकडे बघत बसले नसते आणि तेव्हाच विचारलं असतं, तर पुढचं पुष्कळ वाचलं असतं.

यंदाही यादी माझ्याच अक्षरात आहे आणि दोन ते तीन मी मागून घेतला आहे. निवृत्त झाले आहे, दुपारी थकवा नसतो, झोपेची सबब चालत नाही. खुर्ची भिंतीकडे वळवते. मी आले आहे, बसले आहे, एवढं सांगते. मग पहिली गोष्ट हीच सांगते की मला अजून साखरबाईचा मत्सर वाटतो. ती तुझी लाडकी आहे हे मला सहन होत नाही. तिला तू न मागता दिलंस आणि मी लहानपणापासून तुझ्या दारात असून मला दिलं नाहीस, याचा मला राग आहे. असं बरंच काही सांगते, जे मी कुठल्याही सभेत उच्चारणार नाही. कधी भांडण होतं, कधी रडू येतं, कधी दोन्ही. आणि देश, पाळक, राज्यकर्ते यांच्यापर्यंत मी पोहोचायच्या आत तीन वाजून गेलेले असतात.